पान दोनशे बारा

ती काही हाडाची वाचक नव्हती. हाडांमुळे वाचक झाली. शाळेत धड्याखालचे प्रश्न सोडवण्यापुरतं वाचलं असेल तेवढंच. लग्नानंतर तर वर्तमानपत्रसुद्धा फळीवर अंथरता अंथरता नजरेखालून गेलं तर गेलं. हाडांच्या इस्पितळात ती आया म्हणून लागली होती. प्लास्टरच्या खोलीत बादल्या भरताना तिथल्या म्हाताऱ्या मास्तरांनी तिचे हात हेरले आणि एक दिवस भिजवलेल्या बँडेजचा रोल तिच्याकडे देऊन म्हणाले, घे, फिरव. तिनं फिरवला. मास्तर निवृत्त झाले तेव्हा खोली तिच्याकडे आली ती आलीच. पुढची एकोणीस वर्षं त्या भागात कुठलंही हाड मोडो, ते तिच्या हाताखालून गेल्याशिवाय जुळत नसे. सगळे तिला ताई म्हणायचे. इस्पितळात ताया पुष्कळ होत्या, म्हणून प्लास्टरताई.

खोली तळमजल्यावर, एक्स-रेच्या शेजारी होती. एक उंच टेबल, एक फिरतं स्टूल, कोमट पाण्याच्या दोन बादल्या आणि सदा तुंबणारी मोरी. जमीन कितीही पुसली तरी पांढरी बोटं उमटायचीच. भिंतीवर प्लास्टर कापायची विजेची करवत टांगलेली असे, आणि ती पाहिली की भले भले पैलवान पांढरेफटक पडायचे. मग ताई करवत सुरू करायची आणि आपल्याच तळहातावर टेकवून दाखवायची. ती करवत नुसती थरथरते, कातडीला काही करत नाही, हे तिनं आयुष्यात किती हजार वेळा दाखवलं असेल कोण जाणे.

पुस्तक तिच्याकडे आणलं ते एका ट्रकड्रायव्हरनं. त्याची मांडी मोडली होती आणि पायाला वजन लावून तो तीन महिने वॉर्डात आढ्याकडे बघत पडला होता. घरी जाताना त्यानं उशीखालचं जाडजूड पुस्तक काढून ताईला दिलं. म्हणाला, ह्याच्यामुळे माझं डोकं ठिकाणावर राहिलं, आता तुम्ही ठेवा, मला पुढचा भाग गाठायचाय. ताईनं ते जेवणाच्या सुट्टीत उघडलं, ते ह्या माणसाचं डोकं एवढं कशानं ठिकाणावर राहिलं ते बघावं म्हणून. त्या दिवशी डबा तसाच परत गेला.

त्या पुस्तकातल्या जगात समुद्र आटून गेला होता. उरली होती ती मिठाची मैदानं, क्षितिजापर्यंत. त्या मैदानांवरून जहाजं चालायची, आणि ती ओढायला घराएवढे खेकडे जुंपलेले असायचे. पाऊस पडला तरी मिठाचाच पडायचा. एक वाटाड्या होता, ज्याला मैदानाच्या रंगावरून दिशा कळायची. एक राजाची बहीण होती, जिला राजापेक्षा जास्त कळायचं. आणि हे सगळं लिहून ठेवणारा एक बखरकार होता, तो आपल्याच डरपोकपणावर विनोद करायचा. मुखपृष्ठावर लेखकाचं चार अक्षरी टोपणनाव होतं, फोटो नाही, पत्ता नाही. वाचकांनी आपापसांत त्याला खारेबुवा करून टाकलं होतं. पाच भाग निघाले होते; उरलेले चार ताईनं पगारातून एकेक करून घेतले. पाचव्याच्या शेवटी वाटाड्या एका बंद दारासमोर उभा होता, आणि दार उघडायच्या आधी पुस्तक संपलं होतं. त्याला सात वर्षं झाली होती.

घरी सासूबाईंची नजर मंदावली होती, म्हणून संध्याकाळी त्या मटार सोलत बसल्या की ताई त्यांना वाचून दाखवायची. सासूबाईंना त्या जगातलं काहीच अवघड गेलं नाही. खेकड्यांचं त्यांना नवल वाटलं नाही, दोन पिढ्यांच्या भांडणाचं तर नाहीच नाही. त्या पुस्तकातल्या लोकांना ‘खारी मंडळी’ म्हणायच्या आणि शेजारच्या घरातल्यांबद्दल बोलावं तशा बोलायच्या. राजाच्या बहिणीनं हक्क सोडायला नको होता, असं त्या एकदा शेजारणीला सांगत होत्या, आणि शेजारीण बिचारी बराच वेळ हा जमिनीचा दावा कुठल्या कोर्टात चाललाय ते विचारत होती.

आता, प्लास्टरच्या खोलीत रोज काय येतं? हात मोडलेला नाहीतर पाय मोडलेला माणूस, ज्याच्यापुढे पाच-सहा आठवडे मोकळे पडलेत आणि ज्याचा जीव आत्ताच कंटाळलाय. ताईला हे सुचायला वेळ लागला नाही. प्लास्टर लिंपून हात धुतले की ती पहिला भाग पुढे करायची. मनगट असेल तर दोन भाग होतात, असा तिचा हिशेब होता, नडगीला चार, मांडी मोडून आलेला माणूस पाचही भाग संपवून पुन्हा पहिल्यावर यायचा. नवऱ्यानं तिला एक फळी ठोकून दिली. कुबड्यांची रबरी बुचं आणि पाच भाग तिथं शेजारी शेजारी राहू लागले.

समासात लिहायची सुरुवात एका गवंड्यानं केली. त्याचा डावा हात गळ्यात होता, उजवा रिकामा. तिसऱ्या प्रकरणातल्या किल्ल्याजवळ त्यानं पेन्सिलीनं लिहिलं, ‘या मापाची भिंत उभी राहणार नाही. पाया कुठाय?’ पुस्तक परत आलं तेव्हा ताई आधी रागावली. मग तिनं ते पान दोनदा वाचलं आणि खाली लिहिलं, ‘पाया पान ९० वर आहे. नीट वाचा.’ झालं. एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी वाटाड्याच्या झग्याला किती कापड लागेल ते काढलं. शाळेतल्या एका शिपायानं खेकडे काय खातात यावर दीड पान खर्ची घातलं. शेवटी ताईनं फळीवर पाटीच लावली: ‘लिहायचं असेल तर पेन्सिलीनं. पुढचं सांगणाऱ्याचं प्लास्टर उशिरा कापलं जाईल.’

सगळ्यांत जास्त गर्दी होती ती पहिल्या भागाच्या पान दोनशे बारावर. त्या पानावर वाटाड्या डोलकाठीवरून पडतो आणि त्याची मांडी मोडते. पान दोनशे चाळीसवर तोच वाटाड्या मिठाचा उभा कडा चढतो. मधे किती दिवस गेले? बखरकारानं स्वतःच मोजून सांगितलंय, एकोणीस. इथे ताईची पेन्सिल पहिल्यांदा स्वतःहून चालली होती. ‘मांडीचं हाड. कमीत कमी तीन महिने.’ खाली लोकांनी रांग लावली होती. ‘मी आज चौऱ्याहत्तर दिवस पडून आहे. ह्याचा डॉक्टर कोण?’ ‘कोणी का असेना, मलाही तोच द्या.’ ‘कडा सोडा, संडासला जाऊन दाखवा म्हणावं.’ समास भरला तेव्हा कोणीतरी कागदाची पट्टी चिकटवली, आणि तीही भरली. ताईनं प्रकाशकांना दोन पत्रं लिहिली. दोन्हींना छापील उत्तर आलं की आपलं पत्र लेखकांपर्यंत पोहोचवलं जाईल.

एका सकाळी चाकाच्या खुर्चीतून एक बाई आल्या. सत्तरीच्या असतील, उंच, केस आखूड, चेहरा असा की हसायचं का नाही ते आधी विचार करून ठरवत असाव्यात. घोटा मोडला होता. केसपेपरवर कारण लिहिलं होतं, स्टुलावरून पडल्या. बरोबर त्यांची भाची होती. ताई बँडेज फिरवू लागली तशा बाईंनी विचारायला सुरुवात केली. हे घट्ट व्हायला किती वेळ लागतो. गरम का होतं. ताई म्हणाली, सोसवेल इतपतच होतं. बाई म्हणाल्या, इतपत म्हणजे किती. भाचीनं ओशाळून सांगितलं की मावशी वेधशाळेत होती, चौतीस वर्षं पारा वाचण्यात गेली, तिला आकडा सांगितल्याशिवाय चैन पडत नाही.

हात धुऊन ताईनं पहिला भाग पुढे केला.

“असली पुस्तकं मी वाचत नाही,” बाई मुखपृष्ठाकडे बघत म्हणाल्या.

“सगळे आधी तेच म्हणतात. सहा आठवडे आहेत तुमच्याकडे. नाहीच आवडलं तर खिडकी आपटते तिला टेकण लावा.”

भाचीला एकाएकी मोठा खोकला आला. बाईंनी पुस्तक चाळलं, मधेच एका पानावर थांबल्या, चष्मा काढून पुन्हा घातला, आणि ते मांडीवर ठेवून घेतलं.

दोन आठवड्यांनी घोटा नीट बसलाय की नाही ते बघायला त्यांना परत बोलावलं होतं. एक्स-रे चांगला होता. पण बाई उठायचं नाव घेईनात. त्यांनी पिशवीतून पुस्तक काढलं, पान दोनशे बारा उघडलं आणि इथे एवढी जत्रा कसली भरलीय, असं विचारलं. ताईचा आवडता विषय. तिनं टेबलावरचा रोल उभा धरला, हाड कसं मोडतं, स्नायू त्याला कसे वर ओढतात, वजन का लावावं लागतं, सगळं करून दाखवलं. शेवटी म्हणाली की बाकी सगळीकडे खारेबुवा देवमाणूस आहे, पण ह्या पानावर त्याची अक्कल चरायला गेली होती.

“लेखक काही डॉक्टर नसतो,” बाई म्हणाल्या.

“नसू दे. मांडी तर असेल ना त्याला.”

“आणि त्या जगातली हाडं वेगळी असली तर? मिठानं लवकर जुळत असतील.”

“मग तिसऱ्या भागात राजाच्या बहिणीचा हात चार महिने झोळीत कसा? ती काय अळणी खाते?”

बाईंनी पानावरची चिकटवलेली पट्टी बोटानं सपाट केली. मग त्यांनी अगदी वेगळंच विचारलं: तीन महिने पडून राहिलेला माणूस करतो काय? ताईला असं कोणी कधी विचारलं नव्हतं. ती स्टूल ओढून बसली आणि सांगू लागली. पहिल्या आठवड्यात तो सगळ्यांना शिव्या देतो. दुसऱ्यात आढ्यावरचे डाग मोजतो. मग त्याला पावलं ओळखू यायला लागतात. कोण कधी गेलं, कोण दाराशी येऊन आत न येताच परत फिरलं. घरातली माणसं त्याच्यासमोर बोलतात, कारण पडलेला माणूस त्यांना पलंगासारखाच वाटतो. दुसरा महिना संपेपर्यंत घरातलं जे कोणालाच ठाऊक नसतं ते त्याला ठाऊक झालेलं असतं. बाहेर दोन पेशंट खोळंबले होते, म्हणून ताई उठली. जाताना बाई उरलेले चारही भाग घेऊन गेल्या.

सहा आठवडे झाले. प्लास्टर कापलं. बाई करवतीला घाबरल्या नाहीत. फक्त ती मिनिटाला किती वेळा थरथरते ते विचारलं. आतून निघालेला पाय बारीक आणि निस्तेज होता, सगळ्यांचा असतो तसा. तो कोमट पाण्यात सोडून बाई बसल्या, आणि ताईनं पुस्तकं फळीवर ठेवायच्या आधी सवयीनं पानं चाळली.

शाई. निळी, पेनाची शाई. एका पानावर नाही, ठिकठिकाणी.

ताई रागावली की तिचा आवाज चढत नसे, खाली जात असे. ती हळूच म्हणाली, “पाटी वाचली होती ना तुम्ही? पेन्सिल लिहिलंय.”

“वाचली. पण मला खोडता येणार नाही असं लिहायचं होतं.”

ताईनं पान दोनशे बारा उघडलं. चिकटवलेल्या पट्टीच्या खाली, जागा उरली होती तेवढ्यात, बारीक सरळ अक्षर होतं. ‘चूक माझी. दिवस मोजले, हाड मोजलं नाही.’ खाली सही होती: मुखपृष्ठावरचीच चार अक्षरं. तिनं मागची पानं उलटली. गवंड्याच्या भिंतीजवळ लिहिलं होतं, ‘पाया पान ९० वर आहे हे खरं, पण तोही कमीच आहे. गवंडी बरोबर.’ झग्याजवळ, ‘कापड वाढवलं.’ खेकड्यांच्या खाण्यापाशी नुसतं, ‘हे मला सुचायला हवं होतं.’

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हा असा. ज्या माणसाला दोनदा पत्रं धाडली तो सहा आठवडे काखेत कुबडी घेऊन तिच्याच खोलीत ये-जा करत होता, आणि तो बुवा नव्हताच. ताईला आधी आठवलं ते अक्कल चरायला गेली होती हे आपलंच वाक्य. पण माफी मागावी असं काही तिच्या मनात येईना, कारण एकोणीस दिवसांचं ते चूकच होतं. मग ती पेशंटच्या स्टुलावर बसली आणि तिनं फक्त एवढंच विचारलं:

“दार उघडून आत काय आहे?”

“ते मलाही माहीत नाही,” बाई म्हणाल्या. “म्हणून तर थांबलेय.”

पाय पाण्यात तसाच ठेवून त्यांनी सांगितलं. पत्रं पोत्यांनी यायची, पण सगळ्यांत प्रश्न एकच, कधी. पुढचा भाग कधी, शेवट कधी. हळूहळू त्यांची समजूत झाली की लोकांना फक्त शेवट हवाय; मधली मैदानं, खेकडे, वारा, हे सगळं आपण आपल्यासाठीच लिहीत बसलो. लिहायला बसलं की दार दिसायचं आणि दारामागे उभी असलेली माणसं दिसायची, घड्याळ बघत. स्टुलावरून पडल्या त्या जुने कागद माळ्यावर टाकताना, कायमचे. आणि मग कोणीतरी त्यांचंच पुस्तक त्यांना खिडकीचं टेकण म्हणून दिलं. त्यात एक शिपाई खेकड्यांच्या पोटाची काळजी करत होता. त्या म्हणाल्या की पहिल्या रात्री त्यांनी ते पान भाचीला चार वेळा वाचून दाखवलं.

त्यांनी ताईकडून एकच वचन घेतलं: हे कोणाला सांगायचं नाही. ताईनं दिलं, आणि ते पाळणं तिला एकोणीस वर्षांतल्या कुठल्याही प्लास्टरपेक्षा जड गेलं. कारण बाई दर गुरुवारी व्यायामाला यायच्या आणि व्यायाम आटोपला की प्लास्टरच्या खोलीत कोपऱ्यात वही घेऊन बसायच्या. गुरुवारीच जुने पेशंट पुस्तक बदलायला डोकवायचे. गवंड्यानं बाईंना समोर बसवून पटवून दिलं की खारेबुवा केव्हाच गचकला असणार आणि प्रकाशक ते लपवतोय. बाईंनी मान डोलावली, असेलही म्हणाल्या. शिवणकामवाल्या बाईंचं मत होतं की बुवाच्या बायकोनं त्याला लिहू देणं बंद केलं असावं. ताई मूग गिळून बँडेज गुंडाळत बसायची. घरी सासूबाईंना मात्र वास लागला होता. सुनेच्या पोटात काहीतरी आहे हे त्यांना तिच्या वाचतानाच्या आवाजावरूनच कळलं. त्यांनी विचारलं, तिनं नाही सांगितलं, आणि सासूबाई दोन दिवस तिच्याशी फक्त खाऱ्या मंडळींबद्दल बोलल्या.

सहावा भाग आला तो दीड वर्षानं. दार उघडलं होतं की नाही? उघडलं होतं, पण शेवटच्या पानावर. त्याआधीच्या पाचशे पानांत बखरकारानं एक कबुली दिली होती. तो म्हणतो की पहिल्या भागात मी एकोणीस दिवस लिहिले ते खोटं. वाटाड्या तीन महिने आणि अकरा दिवस एका मीठवाल्याच्या घरात पडून होता. पडलेल्या माणसाकडे सांगण्यासारखं काय घडणार, असं समजून मी ते गाळलं. सगळं घडलं ते तिथंच. मग ते तीन महिने येतात: आढ्यावरचे डाग, ओळखीची झालेली पावलं, दाराशी येऊन परत जाणारं कोणीतरी, आणि त्याच्यासमोर पलंगासमोर बोलावं तशी बोलणारी माणसं, ज्यांच्या बोलण्यातून वाटाड्याला पुढे त्या बंद दाराचं रहस्य कळायचं असतं. ज्यांना लढाया हव्या होत्या ते थोडे कुरकुरले. पण ज्यांचं हाड कधी ना कधी मोडलं होतं, त्यांनी ते पुस्तक डोक्यावर घेतलं. अर्पणपत्रिकेत कोणाचं नाव नव्हतं, एवढंच होतं: ‘पेन्सिलीनं लिहिणाऱ्यांना.’

पुस्तक निघालं त्या आठवड्यात बाईंनी स्वतःच वचनातून मोकळं केलं. गुरुवारी त्या आल्या आणि गवंड्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या की मी गचकलेली नाही. गवंडी आधी हसला. मग ताईच्या तोंडाकडे बघून त्याचं हसू ओसरलं, आणि त्यानं उभं राहून दोन्ही हात जोडले. जोडता जोडता सहाव्या प्रकरणातला जिना अजूनही फार उभा आहे, हे सांगायला तो विसरला नाही. बाईंनी वही काढून टिपून घेतलं.

ताईला हे पुस्तक जेवणाच्या सुट्टीत तुकड्या-तुकड्यानं वाचायचं नव्हतं. तिनं रजेचा अर्ज भरला. आजवर तिच्या सगळ्या अर्जांवर कारण एकच असायचं, घरगुती. ह्या वेळी तिनं थोडा विचार केला आणि लिहिलं: पुस्तक वाचायचे आहे. मोठ्या डॉक्टरांनी अर्ज वाचला, चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, आणि किती पानांचं आहे ते विचारलं. तिनं सांगितल्यावर त्यांनी दोन दिवसांचे तीन केले आणि सही ठोकली.

पुस्तक दुसऱ्या दिवशी दुपारीच संपलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं सासूबाईंना हाक मारली, त्यांची खुर्ची खिडकीपाशी ओढली आणि पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचायला घेतलं.